न्यू जर्सीचा प्रादेशिक करारातून निर्गम

परस्परसंमतीने केलेल्या करारातून एखादे राज्य बाहेर पडते, तेव्हा त्याने नेमके काय सोडले हा प्रश्न वरवर वाटतो तितका सरळ नसतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

२० डिसेंबर २००५ रोजी ईशान्येकडील सात राज्यांच्या गव्हर्नरांनी एका सामंजस्यपत्रावर सह्या केल्या आणि 'प्रादेशिक हरितगृह वायू उपक्रम' जन्मास आला. खनिज इंधनावर चालणाऱ्या, २५ मेगावॉट वा अधिक क्षमतेच्या वीजकेंद्रांच्या कार्बन डाय-ऑक्साइड उत्सर्जनास एकत्रित मर्यादा घालावी, तेवढेच परवाने काढावेत व ते बहुतांशी लिलावाने विकावेत, अशी ही योजना होती. २००९ मध्ये ती अंमलात आली, तेव्हा सभासद राज्ये दहा झाली होती. तीस दिवसांची लेखी सूचना देऊन कोणत्याही राज्यास बाहेर पडण्याची मुभा सामंजस्यपत्रातच होती.

मे २०११ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी वर्षअखेरीस बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. हवामानबदलात मानवी व्यवहारांचा वाटा आहे हे त्यांनी त्याच वेळी मान्य केले. तथापि परवाने इतके स्वस्त आहेत की त्यांनी वीजकेंद्रांचे वर्तन पालटत नाही, आणि ग्राहकांवर मात्र कराप्रमाणे भार पडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. यातील पहिला आक्षेप निराधार नव्हता. मंदी व स्वस्त नैसर्गिक वायू यांमुळे उत्सर्जन मर्यादेच्या बरेच खाली गेले होते आणि परवान्यांचे मूल्य किमान बोलीवर येऊन ठेपले होते. परंतु दोष मर्यादेच्या सैलपणाचा होता. उरलेल्या नऊ राज्यांनी २०१४ पासून ती सुमारे ४५ टक्क्यांनी खाली आणली.

विधिमंडळाने पुनःप्रवेशासाठी संमत केलेली विधेयके गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरून फेटाळली. मार्च २०१४ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने मात्र एक मूलगामी भेद स्पष्ट केला. करार सोडणे ही एक कृती. त्याच्या अंमलासाठी केलेले नियम निष्प्रभ करणे ही दुसरी. नियम मागे घ्यावयाचे तर रीतसर सूचना देऊन जनतेचे म्हणणे ऐकणे प्राप्त होते, आणि तेच घडले नव्हते. न्यायालयाने राज्यास करारात परत आणले नाही. केवळ रीत दाखवून दिली. गव्हर्नर फिल मर्फी यांच्या जानेवारी २०१८ च्या आदेशानंतर, नवे नियम करून, न्यू जर्सी २०२० च्या आरंभी पुन्हा सभासद झाले.

व्हर्जिनिया राज्य २०२३ च्या अखेरीस बाहेर पडले, तेव्हा हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. विधिमंडळाच्या कायद्याने आलेला सहभाग प्रशासकीय नियमाने संपविणे अवैध आहे, असा निर्णय तेथील सर्किट न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

सारांश, करारात शिरताना जी सही पुरेशी वाटते, तिच्यामागे कायदा व नियम यांचे थर साचत जातात. पुढे केवळ सहीने ते उचलता येत नाहीत. आणि सामान्य नागरिकाचे म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क याच थरांत सुरक्षित राहतो.