गोंडा (पॉमपॉन)

गोंडा : लोकर, रेशीम, सूत, कागद अथवा प्लॅस्टिक यांचे धागे वा पट्ट्या मध्यावर आवळून बांधून केलेला, सर्व बाजूंनी फुललेला गोलाकार गुच्छ. फ्रेंचमध्ये त्यास ‘पाँपाँ’ म्हणतात; इंग्रजीतील ‘पॉमपॉन’ व ‘पॉमपॉम’ ही रूपे त्यावरूनच आली. मराठीतील ‘गोंडा’ हा शब्द अधिक व्यापक असून लोंबत्या झुबक्यालाही तो लावतात. पोळ्याला बैलांच्या शिंगांना बांधण्यात येणारे गोंडे बव्हंशी या दुसऱ्या प्रकारचे होत.

वस्त्रावरील गोंडा हे निव्वळ भूषण होय, ही समजूत अपुरी आहे. यूरोपात त्याचा उपयोग दीर्घकाळ ओळखचिन्ह म्हणून झाला. नेपोलियनच्या पायदळाची १८०८ मध्ये पुनर्रचना झाल्यावर बंदूकधारी कंपन्यांच्या उंच टोप्यांवरील गोंड्यांना वेगवेगळे रंग मिळाले : पहिलीस गडद हिरवा, दुसरीस आकाशी, तिसरीस नारिंगी व चौथीस जांभळा. फ्रेंच खलाशांच्या टोपीवरील तांबडा गोंडा आणि ग्रीसमधील एव्झोन सैनिकांच्या जोड्यांवरील काळा गोंडा आजही गणवेशाचे भाग आहेत. रोमन कॅथलिक धर्मगुरूंच्या ‘बिरेटा’ या चौकोनी टोपीवर सामान्यतः गोंडा असतो. कार्डिनलच्या लाल बिरेट्यावर मात्र तो नसतो. येथे गोंड्याचा अभावच श्रेष्ठ पदाचा सूचक ठरतो. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधील गूटाख, किर्नबाख व रायखेनबाख या गावांतील स्त्रियांच्या पेंढ्याच्या टोपीवर लोकरीचे १४ गोंडे बसवितात; अविवाहितेचे लाल, तर विवाहितेचे काळे. अवघ्या तीन गावांची ही टोपी पुढे साऱ्या प्रदेशाचे प्रतीक म्हणून मिरविली गेली, हे स्थानिक परंपरेस धरून नाही.

खेळाच्या मैदानावर गोंडा बराच उशिरा आला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात २ नोव्हेंबर १८९८ रोजी जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने प्रेक्षकांच्या जयघोषाचे नेतृत्व केले. संघटित प्रोत्साहन-पथकांचा (चीअरलीडिंग) प्रारंभ येथून मानतात. आरंभीचे पथकनायक पुरुष होते व कर्णा हेच त्यांचे प्रमुख साधन होते. १९२० नंतरच्या दशकात स्त्रियांचा प्रवेश झाला. पुढे हाती आलेले गोंडे क्रेप कागदाचे असत. पावसात भिजताच ते निरुपयोगी होत. फ्रेड गास्टॉफ याने १९६५ मध्ये व्हायनिल प्लॅस्टिकचा गोंडा तयार केल्यावर ही अडचण दूर झाली. लॉरेन्स हर्किमर (१९२५–२०१५) यास अनेकदा गोंड्याचा जनक म्हटले जाते, ते यथार्थ नाही. त्याने १९४८ मध्ये राष्ट्रीय पथक-संघटना स्थापिली आणि १९७१ मध्ये त्यास एकस्व मिळाले, ते पट्ट्यांत मूठ दडविलेल्या गोंड्याबद्दल. ‘पॉमपॉम’ऐवजी ‘पॉमपॉन’ असेच म्हणावे, असा त्याचा आग्रह असे.