फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर आणि आमचा ओटा

परवा रविवारी इंटिरियरवाला आमच्या स्वयंपाकघराचं नवं ड्रॉइंग देऊन गेला. तीन बाजूंनी ओटा, मधे एक माणूस, सगळं हाताशी. ‘फ्लो बघा सर!’ मी जाम खूश. आपण प्रोग्रामर माणसं, ऑप्टिमायझेशन म्हटलं की विरघळतो. मग ही कल्पना आली कुठून हे शोधत बसलो आणि थेट १९२६ सालच्या फ्रँकफर्टला पोचलो.

पहिल्या महायुद्धानंतर तिथे घरांची प्रचंड टंचाई होती. एर्न्स्ट माय या वास्तुविशारदाच्या नेतृत्वाखाली शहराने स्वस्त घरं बांधायला घेतली. त्यांतल्या स्वयंपाकघराची रचना केली मार्गारेटे लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या बाईंनी. जागा जेमतेम १.९ बाय ३.४ मीटर. कारखान्यात कामगाराच्या हालचाली मोजतात तशा त्यांनी घरकामाच्या मोजल्या. नमुना म्हणून समोर ठेवलं रेल्वेच्या डायनिंग कारचं इवलंसं स्वयंपाकघर. फिरतं स्टूल, भिंतीत दुमडणारी इस्त्रीची फळी, तांदूळ-साखरेसाठी नावं लिहिलेले अ‍ॅल्युमिनियमचे खण. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची ही पणजीच म्हणा ना.

बाईंचा हेतू चांगला होता. काम लवकर उरकलं तर बायकांना स्वतःसाठी वेळ मिळेल. पण १९७०च्या दशकापासून स्त्रीवाद्यांनी त्यातला बग दाखवला: पावलं वाचली, पण ती एकाच व्यक्तीची. दुसरं कुणी मदतीला आलं तर उभं राहायला जागाच नाही. थोडक्यात, सिंगल युजर सिस्टिम!

हे सगळं मी बायकोला उत्साहाने सांगत होतो. अर्थात दारात उभा राहून. ती पोळ्या लाटत होती. म्हटलं, ‘नव्या किचनमध्ये तुझी चालाचाल निम्म्याने कमी होईल बघ.’ तिने ड्रॉइंगकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, ‘आणि तू कुठे उभा राहणार?’

गप्प बसलो. लग्नाला सहा वर्षं झाली. ‘आत गर्दी नको’ म्हणून मी कायम दारातच.

ड्रॉइंग परत पाठवलंय. एक बाजूचा ओटा रद्द, मधे दोघांपुरती मोकळी जागा. चार पावलं जास्त पडतील, पडू देत. माझी सबब मात्र गेली. पुढच्या रविवारी कणीक मळायला शिकायचंय :)