रुमालाची गाठ आणि घाटातले नळ

लोणावळा लोकल कामशेतला थांबली की मला रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई आठवतात. निवृत्तीनंतर ते इथेच राहिले. 1930 ते 1934 या काळात त्यांनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध केले. त्याआधी इंग्रज सरकार हे दफ्तर भारतीय अभ्यासकांना सहजी उघडू देत नव्हतं. तिथले मोडी कागद कापडात बांधलेले असतात. त्या गाठोड्याला म्हणतात रुमाल. दफ्तर, रुमाल, कागद हे तिन्ही शब्द मराठीला फारसीतून मिळाले.

संगणकातला रुमाल म्हणजे 'टार'. तो अनेक फाइली एकत्र बांधतो. 'जीझिप' हे गाठोडं दाबून लहान करतं. आधीच्या 'कॉम्प्रेस' प्रोग्रामच्या पद्धतीवर पेटंट होतं. म्हणून 1992 साली जाँ-लू गायी आणि मार्क अॅडलर यांनी सर्वांसाठी खुलं जीझिप लिहिलं.

गाठ सोडण्याची सोपी रीत मात्र त्याहून जुनी आहे. बेल लॅब्जमधल्या डग्लस मॅकिलरॉय यांनी 1964 मध्येच सुचवलं होतं की प्रोग्राम बागेतल्या नळीसारखे एकमेकांना जोडता यावेत. 1973 मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये ही सोय केली. तिचं नाव 'पाइप'.

लोणावळेकरांना हे वेगळं समजवायला नको. टाटांच्या 1915 मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात लोणावळा, वळवण, शिरवटा तलावांचं पाणी मोठ्या नळांतून घाट उतरतं आणि खोपोलीच्या टर्बाइनवर पडतं. घाटाच्या मध्यावर तळं बांधावं लागत नाही.

जुन्या कागदांच्या स्कॅनचं असंच एक गाठोडं माझ्याकडे आलं. लॅपटॉप जुना, डिस्क भरत आलेली. आधी दाब काढून मोठी टार फाइल करायची आणि मग ती सोडायची, एवढी जागाच नव्हती. तेव्हा ही एक ओळ कामी आली:

जीझिप -डीसी रुमाल.टार.जीझेड | टार -एक्सएफ -

डावा प्रोग्राम दाब काढतो, उभी रेघ म्हणजे पाइप, उजवा गाठ सोडतो. शेवटची आडवी रेघ सांगते, 'पाइपमधून येईल ते घे.' मधली फाइल बनतच नाही.

एक सावधगिरी बाळगा. गाठोडं अर्धवट उतरलं असेल, तर चूक कळेपर्यंत टारने काही फाइली बाहेर काढलेल्या असतात. म्हणून आधी 'जीझिप -टी' देऊन खातरजमा करा.

पेशवाईच्या रुमालांत काझी-मुजावरांच्या इनामांचेही कागद आहेत. आपलाही इतिहास त्याच गाठीत आहे. स्कॅन हाती आले, तर ती सोडायला आज कुणाची परवानगी लागत नाही. मोडी मात्र आपल्यालाच शिकावी लागेल.