खिशातला चाकू

परवा भाचीच्या लग्नात आहेराच्या खोक्याची सुतळी कुणाला सुटेना. नखं झाली, दात झाले, स्कूटरची किल्ली झाली. मी खिशातून चाकू काढला, सुतळी कापली, चाकू मिटला आणि परत खिशात टाकला. शेजारी बसलेले व्याही थोडे सरकूनच बसले. म्हणाले, "मास्तर, तुम्ही चाकू बाळगता?" वर बीडचे! त्यांच्या मनात काय आलं असेल ते तुम्हाला सांगायला नको.

मी त्यांना सांगितलं, की नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं असेल तर शस्त्र कायद्याचा प्रश्न येतो, आणि घरकामाची, शेतीची हत्यारं त्यातूनही वगळलेली आहेत. माझं पातं साडेतीन इंचांचंही नाही. पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. असो.

गेली आठ-नऊ वर्षं हा चाकू रोज माझ्या खिशात असतो. सकाळी दुधाच्या पिशवीचा कोपरा, मग औषधाची पट्टी, दुपारी पेरू, खताच्या पोत्याची शिवण, नातवाची पेन्सिल. (नातवाकडे पेन्सिलला टोक करायचं यंत्र आहे, पण त्याला चाकूने केलेलं लांब टोकच आवडतं.) झोपताना तो चष्म्याशेजारी ठेवतो. अक्रोडाच्या लाकडाची मूठ आता हाताच्या तेलाने काळपट झालीय. तो सहा-सात हजारांना मिळतो, हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर कपाटातच राहिला असता. आमच्या पिढीची हीच खोड, भारी वस्तू जपायची आणि हलकी वापरायची.

चाकूचं वेड मात्र वडिलांकडून आलेलं. त्यांचं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालं. आपला जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे घरात मराठी आणि कागदावर उर्दू अशी त्यांच्या पिढीची तऱ्हा. बोरू तासायच्या चाकूला ते 'कलमतराश' म्हणत. कलम म्हणजे लेखणी, तराशणं म्हणजे तासणं. कलम म्हणजे झाडाचंही कलम, आणि कायद्याचंही कलम! यातली पहिली दोन तरी चाकूशिवाय होत नाहीत. बोरूचं टोक तिरपं कापावं लागतं, मध्ये चीर द्यावी लागते, आणि तिरपेपणा चुकला की अक्षर बिघडतं. ज्याला धार लावता येत नाही त्याचं अक्षर कधी सुधारत नाही, असं वडील म्हणायचे. पुढे टाक आले, फाउंटन पेन आलं, शेवटी बॉलपेन आलं आणि शाळेतला चाकू गेला. इंग्रजांच्या 'पेननाइफ'चंही तेच झालं. पिसाची लेखणी तासायचा चाकू तो. पिसं गेली, नाव राहिलं.

वडिलांचा चाकू शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा होता. आम्ही त्याला नुसतं 'रॉजर' म्हणायचो. तो मिटताना 'टक्' असा आवाज यायचा. हा आवाज मुठीच्या पाठीतल्या पोलादी पट्टीचा. ती पट्टी पात्याच्या बुडावर दाबून बसते, म्हणून पातं उघडलं तर उघडं राहतं आणि मिटलं तर मिटलेलं. मिटणारे चाकू तसे फार जुने. ऑस्ट्रियातल्या हालस्टाट इथे सापडलेला एक अडीच हजार वर्षांपूर्वीचा मानतात. पण पाठीत अशी स्प्रिंग असलेले चाकू सतराव्या शतकापासून शेफिल्डचे कारागीर करू लागले, आणि तेव्हापासून चाकू खरा खिशात आला.

माझा चाकू मात्र इंग्लंडचा नाही, स्वित्झर्लंडचा आहे. तुम्ही तो लाल रंगाचा, क्रॉसचं चिन्ह असलेला पाहिला असेल. त्याचा इतिहास मी वाचायला घेतला तो केवळ कुतूहलापोटी, पण वाचताना आपला जिल्हाच आठवत राहिला.

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला बँका, घड्याळं आणि हिंदी सिनेमातली गाणी दिसतात. शे-दीडशे वर्षांपूर्वी त्याचे डोंगराळ भाग चांगलेच गरीब होते. जमीन थोडी, हिवाळा लांब, घरात खाणारी तोंडं जास्त. मग तरुण पोरं काय करणार? शेकडो वर्षं ती दुसऱ्या राजांच्या फौजेत भाड्याने लढायला गेली. ठेकेदार गावोगाव फिरून माणसं जमवत, करार होई, आणि तुकडीच्या तुकडी परमुलखात जाई. अशीच एक स्विस पलटण, द म्यूरोन नावाची, १७९९ साली इंग्रजांच्या बाजूने टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला लढली. त्या डोंगरातल्या पोरांचं आणि टिपूचं काय वैर होतं? पगार मिळत होता म्हणून आली. १८४८ च्या राज्यघटनेने परकी राजांशी असे नवे करार करायला बंदी केली. पण गरिबी बंदीने जात नाही. एकोणिसाव्या शतकात पुष्कळ लोक अमेरिकेची वाट धरू लागले.

त्या देशातल्या श्वित्स परगण्यात ईबाख नावाचं गाव आहे. तिथे कार्ल एल्सनर याने १८८४ साली चाकूंचा कारखाना काढला. आपल्या भागातल्या लोकांना इथेच काम मिळावं, त्यांनी गाव सोडू नये, हा त्याचा हेतू होता. त्या सुमारास स्विस सैन्याने शिपायांना एक मिटणारा चाकू द्यायचं ठरवलं. त्यात एक पातं, डबा फोडायचं हत्यार, भोक पाडायची आरी आणि नवी रायफल खोलायला पेचकस होता. पहिले चाकू आले जर्मनीतल्या सोलिंगेनहून, कारण स्विस कारागिरांकडे तेवढी यंत्रंच नव्हती. एल्सनरने चाकू करणाऱ्यांचा संघ उभारला आणि १८९१ मध्ये सैन्याला देशी माल दिला. पण सोलिंगेनचा माल स्वस्त. बाकीचे कारागीर माघारी फिरले, हा एकटा चिकटून राहिला आणि कर्जात बुडाला. नातेवाइकांनी हात दिला म्हणून वाचला.

त्याची पुढची करामत १८९७ ची. एकाच स्प्रिंगच्या दोन्ही अंगांना हत्यारं बसवून त्याने दोन स्प्रिंगांवर सहा हत्यारं तोलली. हाच तो 'अधिकाऱ्यांचा चाकू'. सैन्याने तो स्वीकारला नाही; अधिकारी पदरमोड करून घेऊ लागले. १९०९ साली आई वारली तेव्हा कारखान्याला तिचं, व्हिक्टोरिया हे नाव मिळालं. १९२१ मध्ये न गंजणारं पोलाद आलं, त्याचं फ्रेंच नाव 'इनॉक्स' आईच्या नावाला जोडलं आणि झालं व्हिक्टोरिनॉक्स.

अमेरिकेतल्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर विमानात चाकू न्यायला बंदी आली, विमानतळावरची दुकानं बसली आणि कारखान्याची विक्री एकदम घसरली. तरीही त्यांनी कामगार काढले नाहीत. पाळ्या कमी केल्या, सुट्या घ्यायला लावल्या, काही माणसं आसपासच्या कारखान्यांना उसनी दिली. माणूस गावातून जाऊ द्यायचा नाही, हे सव्वाशे वर्षं धरून ठेवणं सोपं नसतं.

आता आपल्याकडे या. आपल्या जिल्ह्यात माणसं कशात मोजतात, हे बाहेरच्या वाचकांना ठाऊक नसेल. कोयत्यात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटा असेल तर अर्धा कोयता. मुकादम दसऱ्याच्या आगेमागे उचल देतो, आणि दिवाळी झाली की गावंच्या गावं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेला १९५० साली सुरू झाला, मागोमाग इतर निघाले आणि हात कमी पडू लागले. १९७२ च्या दुष्काळाने आपल्या बालाघाटाच्या डोंगरातल्या लोकांपुढे दुसरी वाट ठेवली नाही. मी तेव्हा नुकताच बी.ए. झालो होतो. पुढे नोकरीची सगळी वर्षं मी दिवाळीनंतरचा अर्धा वर्ग पाहिला. हजेरीपटावर लाल शाईने 'स्थलांतरित' लिहायचो. इतक्यांदा लिहिलं, की त्या शब्दाचं मला काही वाटेनासं झालं.

१९८७ साली चौथीच्या वर्गात एका मुलाच्या दप्तरात मला चाकू सापडला. कारखान्याच्या तळाजवळच्या बाजारातून घेतलेला, पत्र्याच्या मुठीचा, मिटणारा. मी तो जप्त केला, वर कानाखाली एक वाजवली. "शाळेत चाकू? गुंड व्हायचंय का?" पोरगं काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी ते घर ट्रकमध्ये बसून गेलं. चाकू माझ्या टेबलाच्या खणात राहिला आणि बदलीच्या वेळी कुठे गेला, देव जाणे.

तोच मुलगा २०१६ साली घरी आला. पुण्याला एका कंपनीच्या टूलरूममध्ये कामाला आहे, पोलादातलं त्याला माझ्यापेक्षा शंभरपट कळतं. कंपनीने त्याला मशीन शिकायला युरोपात पाठवलं होतं, तिथून येताना त्याने हा चाकू आणला. हातात ठेवून म्हणाला, "सर, तुम्ही माझा घेतला होता, आठवतं?" मला आठवत होतं. हसत हसत त्याने सांगितलं, की आईबाप पहाटे तीनला फडात जायचे. कोपीत तो आणि दोन वर्षांची बहीण. तिच्यासाठी उसाच्या कांड्या सोलायला तो चाकू होता. त्या हंगामात त्याने दातांनी सोलल्या.

ही म्हणाली, धारेची वस्तू फुकट घेऊ नये, नातं तुटतं, त्याला रुपया द्या. (युरोपातही हीच समजूत आहे.) मी दिला. त्याने तो शर्टाच्या खिशात नीट ठेवला.

मागच्या उन्हाळ्यात मी पाटोदा तालुक्यातल्या त्याच्या गावी गेलो. आई आता थकलीय, तोडीला जात नाही. कोयता मात्र आढ्याला खोचलेला आहे. आंबे चिरायला मी चाकू काढला तेव्हा तिने मागून घेतला, अंगठा पात्यावर आडवा फिरवला आणि म्हणाली, "गुरुजी, धार गेलीया की."

कुठला म्हणून विचारलं, तर मी तिला एल्सनरची सगळी गोष्ट सांगितली. लोकांनी गाव सोडू नये म्हणून त्याने कारखाना काढला, वगैरे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कारखानं तर आपल्या जिल्ह्यातबी झालं गुरुजी. तरी आमी जातच व्हतो की."

यावर मी काय बोलणार! ऊस तिकडे, उचल तिकडची, मागच्या वर्षीची फिटलेली नाही... हे सगळं मी तिला सांगायचं, की तिने मला?

तिने दाराशेजारच्या दगडावर पाणी शिंपडलं, उकिडवी बसली आणि पातं घासायला लागली. एक बाजू, दुसरी बाजू, मोजल्यासारखी. मग पदराला पुसून चाकू माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आता चिरा. बोट सांभाळा पर."