द्रौपदीची थाळी आणि राजाजीनगरची चूल

चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव धारण करणारे राजाजीनगर ही बंगळुरूची मूळची कामगारवस्ती. शहराच्या पश्चिम अंगाला औद्योगिक उपनगर म्हणून तिची आखणी झाली. लहानमोठे कारखाने, यंत्रशाळा, कामगारांसाठीचे ईएसआय रुग्णालय, जवळच म्हैसूर सँडल साबणाचा कारखाना आणि या सगळ्यांच्या आसपास सरकारी कन्नड शाळा. याच भागात कॉर्ड रोडलगतच्या सुमारे सात एकर खडकाळ टेकडीवर इस्कॉनचे मंदिर उभे राहिले. मे 1997 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. शंकर दयाळ शर्मा यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मंदिर म्हटले की प्रसाद आला आणि प्रसाद म्हटला की मोठी चूल आली. या चुलीतूनच तीन वर्षांनी अक्षयपात्र फाउंडेशन ही संस्था जन्माला आली.

त्या वेळी देशात शालेय आहाराची योजना कागदावर होती. 15 ऑगस्ट 1995 रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहार योजना सुरू केली होती. तमिळनाडूसारख्या मोजक्या राज्यांनी मुलांना शाळेत शिजवलेले अन्न दिले. तिथे कामराजांच्या काळापासून ती परंपरा होती आणि 1982 मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तिला मोठे रूप दिले. बाकी बहुतेक राज्यांत मुलाच्या नावावर महिन्याला तीन किलो धान्य घरी जात असे. ते घरच्या डब्यात पडे आणि पाच-सहा माणसांत वाटले जाई. ज्याच्या नावाचे ते धान्य, ते पोर मात्र दुपारी बाराच्या सुमाराला वर्गात रिकाम्या पोटीच बसलेले असे. धान्य पोचत होते, जेवण पोचत नव्हते. योजनेतली नेमकी ही फट भरून काढायची होती.

इन्फोसिसचे तेव्हाचे वित्तप्रमुख टी. व्ही. मोहनदास पै यांनी मंदिराचे प्रमुख मधु पंडित दास यांच्यापुढे कल्पना मांडली: मंदिरात येणाऱ्यांना रोज प्रसाद मिळतोच, तो सरकारी शाळांतल्या मुलांपर्यंतही का जाऊ नये? मधु पंडित दास हे पवईच्या आयआयटीतून स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेले. इस्कॉनचे संस्थापक श्रील प्रभुपाद यांची एक आठवण मंदिरात सर्वांना ठाऊक होती. बंगालमधल्या मायापूर येथे उष्ट्या अन्नासाठी मुले रस्त्यावरच्या कुत्र्यांशी झगडताना त्यांनी पाहिली होती, आणि मंदिराच्या दहा मैलांच्या परिसरात कोणी उपाशी राहता कामा नये, असे सांगितले होते. श्रद्धा टेकडीवर होतीच. तिला हिशेबाची आणि यंत्रज्ञानाची जोड आता मिळाली. पै यांच्यासह अभय जैन आदी उद्योगक्षेत्रातली मंडळी पाठीशी उभी राहिली आणि चंचलपती दास यांनी उपाध्यक्ष म्हणून कामाचा मोठा भार उचलला.

जून 2000 मध्ये बंगळुरूतल्या 5 सरकारी शाळांमधील 1,500 मुलांना पहिले जेवण मिळाले.

संस्थेने घेतलेले नाव मराठी घरांना परके नाही. कधी न संपणाऱ्या भांड्याला आपल्याकडे ‘द्रौपदीची थाळी’ म्हणतात. वनवासात सूर्याने पांडवांना दिलेले ते पात्र. पण कथेत त्याला एक अट आहे, ती सहसा लक्षात राहत नाही. द्रौपदी जेवली की त्या दिवसापुरते अन्न संपे आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा पहिल्यापासून. शाळेच्या जेवणाचेही तेच आहे. काल कितीही मुले जेवली असली तरी आजची घंटा व्हायच्या आत आजचे अन्न वर्गाबाहेर यावे लागते. संस्थेच्या पुढच्या पंचवीस वर्षांतली यंत्रे, इमारती आणि करार याच एका अटीभोवती रचले गेले.

शिकणाऱ्या मुलाच्या पोटाची काळजी वाहणारी माणसे महाराष्ट्रानेही पाहिली आहेत. 1877 च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी धनकवडीत मुलांसाठी अन्नछत्र चालवले. साताऱ्याच्या बोर्डिंगातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले. त्या काळी हे एखाद्या कुटुंबाच्या त्यागावर चालत असे. राजाजीनगरच्या प्रयोगापुढचा प्रश्न वेगळा होता. हेच काम रोज, लाखोंच्या संख्येने, कोणाचे दागिने न विकता कसे चालवायचे?

उत्तराचा एक भाग न्यायालयातून आला. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 रोजी आदेश दिला. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत मुलांना शिजवलेले अन्न द्यावे, त्यात किमान 300 उष्मांक आणि 8 ते 12 ग्रॅम प्रथिने असावीत, आणि वर्षातले किमान 200 दिवस ते मिळावे. त्या दिवसापासून दुपारचे जेवण हा मुलाचा हक्क झाला, त्यात कोणाच्या दयेचा प्रश्न उरला नाही. कर्नाटक सरकारची ‘अक्षर दासोह’ योजना 2002 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि अक्षयपात्र तिच्यात भागीदार झाले. धान्य आणि स्वयंपाकाच्या खर्चाचा वाटा सरकारचा, उरलेली रक्कम देणगीदारांची, चूल आणि वाहतूक संस्थेची, अशी मांडणी ठरली. ती आजही मूलतः तशीच आहे.

जेवणाने काय बदलते, याची मोजदादही याच सुमारास झाली. ज्याँ द्रेझ आणि अपराजिता गोयल यांनी छत्तीसगड, राजस्थान आणि कर्नाटकातल्या 81 शाळांची पाहणी करून 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिजवलेले अन्न सुरू झाल्यावर पहिलीच्या वर्गातली पटसंख्या एका वर्षात 15 टक्क्यांनी वाढली होती, मुलींची 19 टक्क्यांनी. ही आकडेवारी एकट्या अक्षयपात्राची नव्हे, साऱ्या योजनेची. पण धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी ठेवलेली मुलगी दुपारच्या ताटामुळे शाळेत येते, हे शिक्षक अनुभवाने सांगत आले होते, त्याला आता आधार मिळाला. मुलीला शाळेत पाठवावे की नाही, हा निर्णय गरीब घरात अनेकदा चुलीपाशीच होतो.

2003-04 पासून विस्ताराला वेग आला. वृंदावन, जयपूर, हुबळी, म्हैसूर, मंगळूर, पुरी अशी एकामागून एक स्वयंपाकघरे सुरू झाली. हुबळीचे स्वयंपाकघर तर आकाराने इतके मोठे झाले की देशोदेशीचे पाहुणे ते पाहायला येऊ लागले. हुबळीतच जन्मलेले आणि अमेरिकेत उद्योजक म्हणून नावारूपाला आलेले गुरुराज देशपांडे यांनी तिकडच्या शाखेची धुरा सांभाळली, आणि परदेशस्थ भारतीयांच्या लहानमोठ्या देणग्यांचा ओघ सुरू झाला. 2007 मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने या कामावर अभ्यासप्रकरण तयार केले.

आता ही चूल कशी चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. पहाटे, गावाला जाग येण्याआधी, बॉयलर सुरू होतो. मोठ्या स्वयंपाकघरांची रचना उतरती असते. धान्य आणि भाजी वरच्या मजल्यावर जाते, तिथे निवडणे, धुणे, चिरणे होते. तांदूळ-डाळ नळकांड्यातून मधल्या मजल्यावरच्या हंड्यांत उतरते, आणि शिजलेले अन्न खालच्या मजल्यावर डब्यांत भरले जाते. ओझे माणसाच्या डोक्यावरून जिना चढत-उतरत नाही. भाताचा एक हंडा सुमारे 600 लिटरचा. जाळ न लावता थेट वाफ सोडून त्यात शंभर किलोहून अधिक तांदूळ वीसेक मिनिटांत शिजतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ हे सरकारी प्रमाण धरले तर एका हंड्यात हजार मुलांचा भात झाला. सांबाराची भांडी त्याहून मोठी, 1,200 लिटर आणि त्यापुढची. उत्तरेकडच्या स्वयंपाकघरांत भाताच्या जोडीने पोळ्यांची यंत्रे आहेत, तासाला हजारोंच्या संख्येने पोळ्या लाटून भाजणारी. कर्नाटकात अन्न-सारू आणि बिसीबेळे भात, गुजरातेत सुखडी, ओडिशात डालमा, असा ज्या त्या मुलखाच्या जिभेचा मान राखला जातो.

झाकण लागले की खरी धावपळ सुरू होते. पोलादी डबे उष्णता धरून ठेवणाऱ्या गाड्यांत रचले जातात. कोणती गाडी कोणत्या शाळांना कोणत्या क्रमाने जाणार हे ठरलेले असते. बंगळुरूच्या वाहतुकीची ज्याला कल्पना आहे त्याला या वेळापत्रकाची किंमत सांगावी लागत नाही. उरलेले अन्न, भाज्यांची साले आणि भाताची पेज यांपासून काही ठिकाणी बायोगॅस तयार होतो आणि तो पुन्हा चुलीलाच मिळतो.

एवढे मोठे यंत्र सगळीकडे चालत नाही, हे संस्थेला लवकरच कळले. वाट खडतर आणि वस्ती विरळ असली की गाडी वेळेवर पोचत नाही. राजस्थानातल्या बारां जिल्ह्यात 2005 मध्ये वेगळी पद्धत स्वीकारली गेली. तिथे गावातल्याच बचतगटाच्या स्त्रिया शाळेजवळ स्वयंपाक करतात, शिधा आणि प्रशिक्षण संस्था देते. अन्नहक्काच्या चळवळीतले कार्यकर्ते सुरुवातीपासून सांगत होते की स्वयंपाकाचे काम गावातल्या, त्यातही दलित आणि गरजू स्त्रियांना मिळाले पाहिजे. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसा प्राधान्यक्रम सांगितला. हा आक्षेप वजनदार आहे. शहरात केंद्रीय स्वयंपाकघर जागेची आणि स्वच्छतेची अडचण सोडवते, पण खेड्यात चूल गावाच्या हातात राहणे केव्हाही बरे. बारांच्या अनुभवाने संस्थेलाही हे शिकवले.

वादही चुकले नाहीत. मंदिराच्या मालकीचा तंटा 2001 मध्ये न्यायालयात गेला आणि दोन तपे तिथेच राहिला. शाळांकडे जाणाऱ्या गाड्या मात्र त्यासाठी थांबल्या नाहीत. 2018-19 मध्ये कर्नाटकात वेगळाच प्रश्न उभा राहिला. मंदिराच्या परंपरेप्रमाणे स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो. त्यामुळे मुलांना चव लागत नाही, ती ताटात टाकून देतात, अशी तक्रार कार्यकर्त्यांनी लावून धरली. राष्ट्रीय पोषण संस्थेने आहार निकषांत बसतो असे कळवले आणि करार पुढे चालू राहिला. तरीही मुलाच्या चवीचा प्रश्न निकषांनी मिटत नाही. तो रोज ताटात किती उरले हे पाहूनच सोडवावा लागतो.

सर्वांत कठीण वर्ष 2020 चे. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि शाळेवर उभ्या असलेल्या संस्थेला शाळाच उरली नाही. स्वयंपाकघरे थांबली नाहीत. तयार अन्न आणि शिध्याची पाकिटे स्थलांतरित मजुरांकडे, रोजंदारीवाल्यांकडे, मुलांच्या घरांकडे वळली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कारभाराच्या पद्धतीवरून मतभेद झाले आणि मोहनदास पै, अभय जैन यांच्यासह काही स्वतंत्र विश्वस्तांनी राजीनामे दिले. ज्यांच्या शब्दावर पहिली गाडी निघाली त्यांनीच बाहेर पडणे ही संस्थेसाठी दुखरी घटना होती. पुढे नवे विश्वस्त आले आणि काम चालू राहिले.

मैलाचे दगड पाहिले तर वेग कळतो. पहिली 100 कोटी जेवणे व्हायला 2012 उजाडले, म्हणजे बारा वर्षे. दोनशे कोटींचा टप्पा 2016 मध्ये गाठला गेला, तो सोहळा राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या उपस्थितीत बंगळुरूत झाला. तीनशे कोटींसाठी फेब्रुवारी 2019 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वृंदावनात मुलांना स्वतः वाढले. चारशे कोटींचा आकडा एप्रिल 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात साजरा झाला. 2016 मध्ये मधु पंडित दास यांना पद्मश्री मिळाली. 2016 सालचा गांधी शांतता पुरस्कार सुलभ इंटरनॅशनलसह अक्षयपात्राला जाहीर झाला आणि 2019 मध्ये राष्ट्रपती भवनात प्रदान करण्यात आला.

आज 70 हून अधिक स्वयंपाकघरांतून 20 लाखांहून अधिक मुलांची पंगत रोज बसते. 20,000 वर शाळा त्यात आहेत, आणि महाराष्ट्रात नागपूर आणि ठाण्याची मुलेही. केंद्राची योजना 2021 पासून ‘पीएम पोषण’ या नावाने चालते. प्राथमिकच्या मुलाला 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकच्या मुलाला 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिने, हे तिचे माप. त्या मापाला उतरण्यासाठी झटणारे हजारो हात पुरस्काराच्या छायाचित्रांत दिसत नाहीत: वाफेजवळ उभे राहणारे आचारी, भाजी निवडणाऱ्या स्त्रिया, गर्दीतून वाट काढणारे चालक, शाळेच्या पडवीत डबा उघडून पहिला घास स्वतः चाखणाऱ्या शिक्षिका.

मुलांचे जेवण आटोपले की गाड्या परत फिरतात. डबे उतरतात, गरम पाण्याने धुतले जातात, पालथे घालून वाळत ठेवले जातात. शाळांकडून दुसऱ्या दिवशीचा आकडा येतो, कुठे दहा मुले जास्त, कुठे परीक्षेमुळे एक वर्ग कमी. बॉयलर पुन्हा पेटायच्या आत तेवढा तांदूळ मोजून वरच्या मजल्यावर चढलेला असावा लागतो.