रक्ताशिवाय जगणारी पेशी

गुडघा दुखायला लागला की डॉक्टर म्हणतात 'गादी घासलीय' आणि घरातली मोठी माणसं म्हणतात 'वंगण संपलं'. तशी दोघांचीही उपमा बरोबर आहे. ही गादी म्हणजे कूर्चा. सांध्यात हाडाच्या टोकावर बसलेला, जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत थर. आज तिचा इतिहास बघू. तो सुरू होतो लंडनला आणि आपल्याला घेऊन येतो थेट भंडारा जिल्ह्यात.

१७४३ साली विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांध्यांच्या कूर्चेवर निबंध मांडला. त्याचं सार असं की, कूर्चा एकदा नष्ट झाली की परत येत नाही, आणि हे वैद्यांना हिप्पोक्रेटिसच्या काळापासून ठाऊक आहे. का येत नाही? कारण कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. बोट कापलं की रक्त येतं, गुठळी होते, त्या वाटेने दुरुस्तीच्या पेशी पोचतात. कूर्चेत हा सपोर्ट स्टाफ पोचायला रस्ताच नाही. शिवाय नसा नाहीत, म्हणजे बिघाड झाला तरी तिथून अलर्ट येत नाही. दुखतं ते आजूबाजूचं, आणि तेही उशिरा.

मग या थरातल्या पेशी जगतात कशावर? सांध्यातल्या पाण्यावर, म्हणजे त्या 'वंगणा'वरच. आपण चालतो तेव्हा कूर्चा स्पंजसारखी दाबली जाते, सुटते, आणि अन्न आत झिरपतं. पेशी तरी किती? शंभरातले फार तर पाच भाग. बाकी पाणी, कोलॅजेनचे धागे आणि पाणी धरून ठेवणारे मोठे रेणू. हे सगळं विणणारी एकटी पेशी म्हणजे कॉन्ड्रोसाइट.

हंटरच्या निकालाला दोनशेहून जास्त वर्षं धक्का लागला नाही. पुढे विसाव्या शतकात या पेशी कूर्चेतून सोडवून बशीत वाढवता येऊ लागल्या. पण गंमत अशी की, सपाट बशीत ही पेशी पसरते, भराभर वाढते आणि स्वतःचं कामच विसरते. कूर्चेचं दोन नंबरचं कोलॅजेन सोडून कातडीत असतं तसलं एक नंबरचं बनवायला लागते. १९८२ मध्ये बेन्या आणि शॅफर या दोघांनी सशाच्या अशा 'विसरलेल्या' पेशी अगारोजच्या जेलमध्ये ठेवल्या. त्या पुन्हा गोल झाल्या आणि त्यांना जुनं काम आठवलं!

मग स्वीडनमध्ये गोटेबर्गला पीटरसन, ब्रिटबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये पहिल्या माणसाच्या गुडघ्यात त्याच्याच वाढवलेल्या पेशी सोडल्या. १९९४ मध्ये २३ रुग्णांचे निकाल छापले. मांडीच्या हाडाच्या टोकावर दुरुस्ती झालेल्या १६ पैकी १४ जण दोन वर्षांनी चांगले होते. वाटीच्या ७ जणांत मात्र फक्त दोघे. म्हणजे जागा बदलली की निकाल बदलतो. आणि हेही लक्षात ठेवा की हा इलाज मुख्यतः मार लागून पडलेल्या खड्ड्यांचा आहे, म्हातारपणी सगळीकडून झिजलेल्या सांध्याचा नव्हे.

आता भंडारा. वैनगंगेचा, तळ्यांचा आणि धानाचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात दिवसभर वाकून काम. इथे कुणी लंगडायला लागलं तर 'कामानं कंबर धरली' असंच आधी म्हटलं जातं. पण लंगडणारा पंचवीस वर्षांचा असेल तर?

विदर्भाच्या या पूर्व भागात सिकलसेल बराच आढळतो. आदिवासींत आहेच, पण इतर अनेक समाजांतही. भारतात तो आधी १९५२ मध्ये निलगिरीत नोंदवला गेला. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराची चूक, बस्स! पण त्या एका बगमुळे लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात.

खुब्याचा गोळा अशाच बारीक वाहिन्यांवर जगतो. त्या तुंबल्या की कूर्चेखालचं हाड मरतं. कूर्चा मात्र सुरुवातीला जिवंतच असते, कारण तिला रक्त कधी लागलंच नव्हतं! पण खालचा पाया खचला की वरची चांगली गादीही खचते. रक्ताशी संबंध नसलेली पेशी रक्ताच्याच आजाराने बुडते. हंटरला कोडं पडलं असतं.

२०१७ मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी लोणावळ्याला प्रयोगशाळा असलेल्या रिग्रो बायोसायन्सेसच्या दोन उपचारांना मान्यता दिली. 'कार्टिग्रो'त रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी वाढवून परत देतात, तर 'ऑसग्रो'त हाड बनवणाऱ्या पेशी, तेही असं हाड मरण्याच्या आजारासाठी. गोटेबर्गची कल्पना तीस वर्षांत घाटावर आली. पण पाया नवा घातला तरी तुंबवणारं रक्त तेच राहणार असेल, तर नुसत्या पेशी पुरणार नाहीत.

म्हणूनच वेळ महत्त्वाची. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसतो, बिघाड एमआरआयमध्ये कळतो. गोळा खचण्याआधी कळलं तर वाचवायचे मार्ग आहेत. खचल्यावर उरतो कृत्रिम सांधा, आणि तोही तरुण वयात बसवला तर आयुष्यात पुन्हा बदलायची वेळ येऊ शकते. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या लोकांची सिकलसेल तपासणी करायचं ठरलं. ती पहिली पायरी. ज्याला आजार आहे हे माहीत आहे, त्याच्या जांघेतलं दुखणं 'कामाचं' म्हणून सोडून न देणं ही दुसरी.

हिंजवडीपासून बंगलोरपर्यंत आपल्यात भंडारा-गोंदियाची मंडळी आहेत. त्यांनी एवढं करावं: लग्न ठरवताना पत्रिका बघा किंवा बघू नका, पण रक्त तपासा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. आणि गावी कुणी तरुण लंगडत असेल, तर त्याला मलम पाठवण्याआधी त्याची सिकलसेल तपासणी झालीय का, एवढं विचारा.

हंटरने सांगितलेली अडचण २८० वर्षांनंतरही पुरती सुटलेली नाही. गेलेली कूर्चा परत आणणं आजही अवघडच आहे. तिच्याखालचं हाड वेळेवर सांभाळणं त्यामानाने सोपं, फक्त कुणीतरी वेळेवर विचारायला हवं.