पीसी नुसता चालू असतो तेव्हा वीज कुठे जाते?

आधी थोडा हिशोब करू, म्हणजे विषय किती मोठा आहे ते कळेल. आजकालच्या बहुतेक फोनमध्ये ५००० एमएएचच्या आसपास बॅटरी असते. ती शून्यापासून पूर्ण भरायला, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून, साधारण २० ते २५ वॅट-अवर लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये असा फोन चाळीसेक वेळा चार्ज होईल.

आता टेबलावरचा डेस्कटॉप बघा. कोणी काही करत नाहीये, नुसता वॉलपेपर दिसतोय. साधा डेस्कटॉप अशा रिकाम्या अवस्थेत ४० ते ६० वॅट खातो आणि मॉनिटर आणखी २० ते ३०. दोन्ही मिळून ७० वॅट धरू. एका तासात जवळजवळ तीन फोन चार्ज होतील एवढी वीज गेली. रात्री ११ ते सकाळी ७ तसाच चालू ठेवला तर ५६० वॅट-अवर, म्हणजे बावीस-तेवीस फोन. आणि आपण 'चार्जर सॉकेटमधून काढा, वीज वाचवा' असे मेसेज फॉरवर्ड करत बसतो! चांगला आधुनिक चार्जर नुसता लावून ठेवला तर एक वॅटसुद्धा घेत नाही. काढलात तर चांगलंच, पण खरा खाऊ शेजारी बसलाय.

फोन असा का वागत नाही? कारण फोनची सगळी रचनाच 'काम नसेल तर झोप' या तत्त्वावर झाली आहे. स्क्रीन बंद झाली की अँड्रॉइड प्रोसेसरला झोपवायला बघतं. एखाद्या ॲपला जागं राहायचं असेल तर त्याला 'वेकलॉक' मागावा लागतो. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ सोबत 'डोझ' आलं आणि न हलवता पडून असलेल्या फोनवर ॲप्सचे लाड आणखी कमी झाले. पीसीचं उलट आहे. तो भिंतीतल्या सॉकेटवर वाढलेला. त्याच्या जन्मकाळी बॅटरीची चिंताच नव्हती.

रिकामा प्रोसेसर काय करतो?

बऱ्याच जणांना वाटतं की काम नसताना प्रोसेसर तसाच गरगरत असतो. तसं नाही. काम संपलं की ऑपरेटिंग सिस्टीम त्याला 'थांब' अशी सूचना देते आणि तो हलक्या झोपेत जातो. बराच वेळ काम आलं नाही तर आणखी खोल झोपेत, जिथे कोअरची वीज जवळपास तोडलेली असते. या पायऱ्यांना सी-स्टेट्स म्हणतात. गंमत म्हणजे विंडोज ९५ ही 'थांब' सूचना द्यायचंच नाही, कारण त्या काळातले काही लॅपटॉप ती मिळाली की कायमचे हँग व्हायचे. म्हणून मायक्रोसॉफ्टने ती काढूनच टाकली होती.

मग आज प्रोसेसर झोपतोय तर ५० वॅट जातात कुठे? मदरबोर्ड, रॅम, पंखे, हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड आणि रंगीबेरंगी दिवे या सगळ्यांत थोडे थोडे. शिवाय पॉवर सप्लाय. ६५० वॅटच्या सप्लायवर जेमतेम ५० वॅटचा भार असेल तर त्याची कार्यक्षमता घसरते आणि बरीच वीज उष्णता होऊन जाते. गेमिंगसाठी दणकट सप्लाय घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

स्लीपमध्ये हे चित्र पालटतं. रॅममधली माहिती टिकवण्यापुरती वीज चालू राहते, बाकी सगळं बंद. डेस्कटॉप मग १ ते ३ वॅटवर येतो. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवर लिहिला जातो आणि मशीन जवळजवळ पूर्ण बंद होतं. सुरू केल्यावर तुमची कामं जशीच्या तशी परत. या सगळ्या अवस्थांची व्याख्या एसीपीआय नावाच्या मानकात आहे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते १९९६ मध्ये आणलं. त्याआधी १९९२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 'एनर्जी स्टार' लेबल सुरू केलं होतं आणि त्यात पहिला नंबर कॉम्प्युटर आणि मॉनिटरचाच होता. १९९३ मध्ये तिथल्या सरकारी खात्यांना असेच कॉम्प्युटर घ्यायचा आदेश निघाला आणि कंपन्या मुकाट्याने सुधारल्या. म्हणजे सोय तीस वर्षं जुनी आहे. फक्त ती वापरायला हवी.

बिलावरून झालेलं भांडण

माझा मामेभाऊ पुण्यात चार मित्रांसोबत फ्लॅटवर राहतो. लाइट बिल पाच जणांत समान वाटून. चौघांकडे लॅपटॉप, याच्याकडे गेमिंग पीसी, आणि तो रात्रंदिवस चालू. बिल वाढलं तसं बाकीचे म्हणाले, तू जास्त दे. हा म्हणाला, मी तर दिवसभर कॉलेजात असतो, पीसी नुसता पडून असतो. बोलाचाली इतकी वाढली की एक जण फ्लॅट सोडायची भाषा करायला लागला. मग मला फोन.

मी सांगितलं, वाद घालू नका, मोजा. सॉकेट आणि प्लगच्या मध्ये लावायचा छोटा वॅट मीटर ऑनलाइन मिळतो, तो लावा. आकडा आला ९० च्या आसपास, तेही काही न करता, मॉनिटर धरून. दिवसातले १५ तास रिकामे धरले तर १३५० वॅट-अवर, म्हणजे महिन्याला चाळीस युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात ० ते १००, मग १०१ ते ३०० असे टप्पे असतात आणि वरच्या टप्प्याचा दर बराच जास्त असतो. हे चाळीस युनिट नेमके सगळ्यांच्या वापराच्या वर जाऊन बसत होते, म्हणजे महागड्या दराने.

आता मुख्य प्रश्न : पीसी झोपत का नव्हता? एक कारण सोपं होतं. रात्रभर गेम डाउनलोड व्हावा म्हणून त्याने कधीतरी स्लीपला 'नेव्हर' करून ठेवलं होतं. ते सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग पॉवर इथे मिळतं. स्क्रीन ५ मिनिटांवर आणि स्लीप १५ मिनिटांवर ठेवली. तरी झोपेना! अशा वेळी विंडोजला थेट विचारायचं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'पॉवरसीएफजी' टाइप करा (स्पेलिंग : पॉवर, त्याला जोडून सी-एफ-जी), मग एक स्पेस, स्लॅश आणि 'रिक्वेस्ट्स'. कोण मशीनला जागं ठेवतंय त्याची यादी येते. अँड्रॉइडच्या वेकलॉकसारखंच हे प्रकरण. त्याच्याकडे निघाला ब्राउझर : मागच्या एका टॅबमध्ये लो-फाय गाण्यांचा लाइव्ह स्ट्रीम म्यूट करून महिनाभर चालू होता.

झोपलेला पीसी आपोआप जागा होत असेल तर त्याच कमांडला रिक्वेस्ट्सऐवजी 'लास्टवेक' जोडा. बऱ्याचदा दोषी असतो माउस. टेबल हललं, माउस हलला, पीसी उठला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याची उठवायची परवानगी काढून घ्या, कीबोर्डची राहू द्या. मॅकवाल्यांनी ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधला एनर्जी टॅब बघावा. तिथे कोणतं ॲप झोप अडवतंय याचा वेगळा रकानाच आहे.

फ्लॅटचं पुढे असं ठरलं की वॅट मीटर कायम लावून ठेवायचा आणि त्यावरचे युनिट मामेभावाच्या नावावर. मला हे फारच योग्य वाटलं. डाउनलोड तो आता संध्याकाळी जेवताना करतो.

काही जुने समज

स्क्रीनसेव्हरने वीज वाचते हा सगळ्यात चिवट समज. तो आला जुन्या काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र राहून डाग पडू नये म्हणून. आता तो उलट ग्राफिक्स कार्डला कामाला लावतो. स्क्रीन सरळ बंद होऊ द्या. 'सुरू करताना इतकी वीज लागते की चालूच ठेवणं परवडतं' हेही खोटं. बूट होताना अर्धा मिनिट जास्त वॅट लागतात, तेवढी वीज रिकामा पीसी काही मिनिटांत खातो.

लाइट जाण्याची भीती मात्र खरी आहे. गावाकडे भारनियमन असेल आणि डेस्कटॉप स्लीपमध्ये असेल, तर वीज गेल्यावर रॅम कोरी होते. यावर उपाय हायब्रिड स्लीप : झोपताना रॅममधली एक प्रत डिस्कवरही लिहून ठेवतो. बऱ्याच डेस्कटॉपवर तो आधीपासून चालू असतो. जुन्या कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडून खात्री करा.

लॅपटॉपवाल्यांसाठी वेगळी गोष्ट. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये जुनी स्लीप जाऊन 'मॉडर्न स्टँडबाय' आलंय, म्हणजे फोनसारखी अर्धवट झोप. झाकण लावलं तरी आत काहीबाही चालू राहू शकतं आणि बॅगेतून काढताना लॅपटॉप कढत लागतो, बॅटरी अर्धी झालेली असते. प्रवासाला निघताना स्लीपवर विसंबू नका, हायबरनेट करा. तो पर्याय लपवलेला असतो : कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणांनी काय करायचं ते निवडायची लिंक. हायबरनेटवर टिक करा आणि झाकण बंद केल्यावरही तेच होईल असं ठेवा. सुरू व्हायला एसएसडीवर काही सेकंद जास्त लागतील, बस.